रिप्युडिएट म्हणजे नुसतं नाकारणं नव्हे

तुम्हाला खांदा द्यायला जे चौघे आले, त्यांतल्या तिघांना तुमचं नाव माहीत नव्हतं. आपल्या मंगेशच्या कंपनीतली पोरं ती. शिफ्ट सुटल्यावर तशीच आली, अंगात कंपनीचा शर्ट, पायात ते जाड बूट. त्यांतला एक जण जिन्यात मंगेशला हळूच विचारत होता, काकांचं पूर्ण नाव काय, स्मशानात लिहून द्यावं लागेल. मी दारात उभी होते. मला इतका संताप आला म्हणून सांगू. त्या पोराचा नव्हे, त्याचे उपकारच आहेत. तुमचा आला. उभी हयात ज्या गावातल्या पोरांना इंग्रजी शिकवलंत, ज्यांची नावं, बापांची नावं, आज्यांची नावं तुम्हाला तोंडपाठ, त्या गावातलं काळं कुत्रं फिरकलं नाही. आणि तुम्ही आपले शांत, नाकात कापूस घालून.

फिरकलं नाही म्हटलं ते अगदीच खरं नाही. सुमन आली. संगमेश्वरावरून पहिली गाडी धरून आली आणि दाराशी चपलांच्या शेजारी बसली. आत ये म्हटलं तर मानेनेच नको म्हणाली. सुतकाच्या घरात चूल पेटवायची नाही म्हणून शेजारच्या बिऱ्हाडात जाऊन माझ्यासाठी पेज करून आणलीन. पेज गिळेना, तर माझ्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली. कोण लागते ती आपली? कोणी नाही. तिच्यापायी सगळं झालं असं मी कितीदा म्हटलंय, तुम्हाला ठाऊक आहे. तिलाही ठाऊक असणार.

तुमच्या जागेवर पणती ठेवलीये. दिवस अजून पुरे व्हायचेत. खालून कंपनीच्या गाड्या जातात तशी ती ज्योत हलते आणि मी उगीच हात आडवा धरते. मिरजोळ्याला मंगेशकडे येऊन इतकी वर्षं झाली तरी या गाड्यांची मला सवय नाही झाली. तुम्हालाही नव्हती. दुपारी पेपर वाचताना भोंगा झाला की तुम्ही दचकायचात आणि मग, कुणी बघितलं तर नाही ना, म्हणून माझ्याकडे बघायचात. मी बघायचेच.

आज मला तुमच्याशी त्या शब्दाबद्दल बोलायचंय. हसू नका. जळ्ळं मेलं तुमचं इंग्रजी, असं मी आयुष्यभर म्हणत आले, पण त्या एका शब्दाने माझा पिच्छा सोडला नाही, आणि काल तर तो घरात येऊन बसला. कालचं सांगते. आधी तुमच्यापासून सुरुवात करू दे.

आठवतंय, शाळेतून तणतणत आलात आणि गाइड पडवीत भिरकावलंत? मी कोवळ्या फणसाची कुयरी चिरत होते, हात तेलाने माखलेले. गाइडात पाच निरनिराळ्या इंग्रजी शब्दांपुढे एकच मराठी शब्द छापला होता, नाकारणे. रिफ्यूज म्हणजे नाकारणे, डिक्लाइन म्हणजे नाकारणे, रिजेक्ट म्हणजे नाकारणे, डिनाय म्हणजेही तेच आणि रिप्युडिएट म्हणजेही तेच. तुमचं म्हणणं, ज्याने हे छापलं त्याला कोणी कधी नाही म्हटलेलंच नसणार. मी म्हटलं, मग काय फरक आहे, नाही ते नाहीच. झालं. धोतराचा सोगा सावरून तिथेच उंबऱ्यावर बसलात आणि माझी शाळा घेतलीत.

शेजारीण जेवून जा म्हणते आणि आपण म्हणतो, आज नको, पुन्हा येईन, तो डिक्लाइन. कोळणीचा भाव पटला नाही म्हणून बांगडे न घेता पुढे जातो, तो रिफ्यूज. पेटी भरताना डागी आंबा बाजूला काढतो, तो रिजेक्ट. आणि रिप्युडिएट? तुम्ही विळीवरून माझा हात धरलात, कापेल या भीतीने, आणि म्हणालात, आंबा तुझ्याच कलमाचा आहे, खत तू घातलंस, राखण तू केलीस, आणि चार लोकांनी नावं ठेवल्यावर तू म्हणतेस, हा माझ्या बागेतला नव्हेच. म्हणून हा शब्द वाटेल तिथे वापरायचा नाही. बायको, मुलगा, धर्म, दिलेला शब्द, केलेली सही, असल्या गोष्टींच्या पुढेच तो येतो. आधी ते आपलं असावं लागतं.

पुढे एका पोराने परीक्षेत लिहिलंन, पाहुण्याने चहा रिप्युडिएट केला. तुम्ही लाल शाईने शेरा मारलात, चहाशी पाहुण्याचं काय नातं होतं? आणि पेपर हातात घेऊन स्वयंपाकघरात येऊन हसलात, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तेव्हा तुम्ही किती हसायचात हो. मिरजोळ्यात आल्यावर तसं हसलेलं मला एकदाही आठवत नाही.

मग आपला तो वाद सुरू झाला, याला मराठीत काय म्हणायचं. मी म्हटलं, टाकणं म्हणा की. आमच्यात म्हणतात ना, नवऱ्याने टाकलेली. तुम्ही म्हणालात, टाकलेली बाई त्याची होती एवढं तरी जग मानतं, इथे तेही मानायचं नाही. भात वाढता वाढता मी म्हणायचे, कानांवर हात ठेवणं. तुम्ही म्हणायचात, जवळ आलीस, पण कानांवर हात ठेवणारा साळसूद असतो, हा छाती काढून बोलतो. झिडकारणं झालं, अव्हेरणं झालं, हात झटकणं झालं. कुठे लग्नाला निघालो, तर गाडीची वाट बघत उभं असताना मला एकदम सुचलं, नाव टाकणं. बापाने पोराचं नाव टाकलं, असं म्हणतोच आपण. तुम्ही ते दोनदा पुटपुटून बघितलंत. मग म्हणालात, हा बरा आहे. बरा म्हणालात, बरोबर म्हणाला नाहीत. मास्तरकी हाडात मुरलेली, दहातले आठ द्यायचे, नऊ द्यायला जीव जायचा.

मजेचे दिवस होते ते. शब्द आपला पुस्तकातला होता आणि आपण गावातले होतो.

मग देवळापुढे सभामंडप बांधायचं निघालं आणि गावाने सुमनच्या परसातली जागा मागितली. तिचा नवरा गेलेला, घरात म्हातारा सासरा आणि ती. तिने नाही म्हटलंन. तेवढंच. गावकी बसली आणि तिचं घर वाळीत पडलं. कोणी तिच्याकडे जायचं नाही, तिला बोलवायचं नाही, नांगर द्यायचा नाही, शिमग्याला पालखी तिच्या दारात थांबणार नाही. तुम्ही त्या बैठकीत होतात. शहाणी माणसं पुढे बसवतात तसं तुम्हाला पुढे बसवलेलं. घरी आलात, पाय धुतलेत, आणि टॉवेल हातात तसाच धरून म्हणालात, “आज गावाने सुमनला रिप्युडिएट केलं आणि मी तिथे बसलो होतो.” त्या दिवशी मी मराठी शब्द सुचवला नाही.

तिचा सासरा पावसात गेला. प्रेत उचलायला माणूस मिळेना. तिच्या माहेरचे येईपर्यंत संध्याकाळ झाली आणि गावातून एकटे तुम्ही गेलात. चिखलाने भरलेले परत आलात, आंघोळ केलीत आणि दुसऱ्या दिवशी पडवीत बसून फिर्याद लिहिलीत. स्वतःच्या अक्षरात. बैठकीला कोण कोण होतं, कोण काय बोललं, आणि मी स्वतः हजर होतो व गप्प होतो, हेसुद्धा. मी चहा घेऊन आले तर मला वाचून दाखवलंत. मी म्हटलं, तुम्हाला वेड लागलंय. आपल्याला काय पडलंय? पाण्यात राहून माशाशी वैर? पोराचं लग्न व्हायचंय, मला या वाडीत मरायचंय. तुम्ही ऐकून घेतलंत सगळं. मग माझ्यासमोर सही केलीत, तुमची ती लांबलचक, आडनावाच्या शेवटी शेपूट असलेली, आणि चहा प्यायलात.

पुढचं काय सांगायचं. गिरणीवाल्याने दळण तसंच परत पाठवलंन. लावणीला बाई मिळेना. दत्ताराम भाऊजी, तुमचा सख्खा चुलतभाऊ, एका भिंतीपलीकडे घर, गावकीत त्यांचाच शब्द चालतो, त्यांनी दोन घरांमधला दरवाजा आतून लावून घेतला. त्या दरवाजातून मी किती वर्षं वाटीभर साखर आणि ताटभर पोळ्या दिल्या-घेतल्या असतील. कडी लागल्याचा आवाज आला तेव्हा मी अलीकडे उभीच होते.

पण त्याचंही मला एवढं नाही. शिमग्याचं मात्र मी मरेपर्यंत विसरणार नाही. गावाने सांगितलेलं, पालखी तुमच्याकडे थांबायची नाही. तरी मी घर सारवलं. अंगण सारवलं, रांगोळी काढली, तोरण बांधलं, पाट मांडला, ओटीचं तबक तयार ठेवलं. मी तुम्हाला म्हटलं, माणसं अडवतील, देवी कशी अडेल? ती बरोबर वळेल, खांदेकऱ्यांना ऐकणार नाही ती. तुम्ही देवाधर्माचे फारसे नव्हतात, पण त्या दिवशी तुम्हीही नवीन धोतर नेसून अंगणात उभे राहिलात. ढोल जवळ आला. पालखी वळणावर दिसली. मी तबक उचललं. खांद्यावर घेतलेले सगळे तुमचे विद्यार्थी, आणि सगळे खाली, स्वतःच्या पायांकडे बघत होते. पालखी आपल्या अंगणासमोरून गेली, पुढच्या घरी थांबली, तिथे नाचवली. मी धावले असते. तुम्ही माझं मनगट धरलंत, इतकं घट्ट की बांगडी वाढली. त्या पुढच्या अंगणातलं गाऱ्हाणं आपल्याला स्पष्ट ऐकू येत होतं. वाडीतल्या एकेका घराचं नाव घेऊन देवीला सांगत होते, यांना सुखी ठेव, यांची पोरंबाळं सांभाळ. आपलं घर आलंच नाही. जसं तिथे कधी घर नव्हतंच.

तेव्हा तुम्ही वळून घरात गेलात आणि भिंतीकडे तोंड करून निजलात. तुमचे खांदे हलत होते. मी तबकातला नारळ काढून ठेवला.

मिरजोळ्याला आलो ते मंगेशच्या आग्रहाने. तो म्हणाला, सोडा ते गाव, विका घर, आपलं काही नाही तिथे. तुम्ही त्याच्यावर कधी नव्हे ते कडाडलात. गाव माझा आहे, तो चुकला तरी माझा आहे, पुन्हा असं बोलायचं नाही. आणि मग या दोन खोल्यांत बसून तुम्ही रोज म्हणायचात, आमच्या गावात अळू असं करत नाहीत, आमच्या गावात भात आत्तापर्यंत पोटरीत आला असेल. मला चीड यायची. ज्यांनी आपल्याला टाकलं त्यांचं एवढं कौतुक कशाला? इथल्या गावची पालखी शिमग्याला आपल्या बिल्डिंगखाली आली तेव्हा मी धावत जाऊन ओटी भरली आणि तिथेच रडले. तुम्ही गॅलरीतसुद्धा आला नाहीत. मी वर आल्यावर म्हणालात, दुसऱ्याच्या आईला आई म्हणायला माझी जीभ वळत नाही.

दरवर्षी दत्ताराम भाऊजींचा निरोप यायचा. फिर्याद मागे घ्यायची तर कोर्टाची कटकट, ते नको. फक्त म्हणा, ही मी लिहिलेलीच नाही, सही माझी नव्हे, कोणीतरी माझ्या नावाने केली. गाव तुम्हाला वाजतगाजत नेईल. आणि दरवर्षी मी तुमच्या पाया पडायची बाकी ठेवायचे. एक वाक्य हो. एका वाक्यात माझी तुळस, माझी विहीर, माझी पडवी. तुम्ही म्हणायचात, त्यालाच तो शब्द आहे. मी म्हणायचे, खड्ड्यात गेला तुमचा शब्द.

शेवटचं भांडण तर तुम्ही जायच्या आदल्याच आठवड्यात झालं. मी म्हटलं, तुमच्या एका सहीपायी मी माझं घर गमावलं, तुम्ही माझं घर घेतलंत. मला वाटलं नेहमीसारखं समजावायला लागाल. तुम्ही चष्मा काढलात आणि म्हणालात, “हो. घेतलं. ते मीच घेतलं.” मग पाणी मागितलंत. मी पाणी आणून दिलं. त्यानंतर आपण भाजी, औषधं, गॅसचा नंबर एवढंच बोललो, आणि मग तुम्ही गेलातच. एवढं मोठं कबूल करून माणसाने असं निघून जायचं असतं का? मला त्याचं उत्तर द्यायचं होतं. अजून सुचलेलं नाही.

आता कालचं सांगते.

तुम्ही गेल्याचं कळल्यावर सरकारी वकिलांनी मंगेशला फोन केला होता. फिर्यादी गेले, आता फिर्यादीवरची सही त्यांचीच आहे हे कोर्टात सांगायला घरचं माणूस लागेल, तुमच्या आई येतील का. आणि काल दत्ताराम भाऊजी आले. मयताला आले नाहीत, काल आले. केस सगळे पांढरे झालेत हो त्यांचे. पणतीकडे बघितलं, हात जोडले, रडले. खोटं नव्हतं ते रडणं, मी ओळखते. दोघे एका ताटात जेवून मोठे झालात, ते कुठे जाईल. मीही रडले. मग डोळे पुसून त्यांनी विषय काढला.

“वहिनी, खोटा बोला असा आमी सांगत नाय. सही वळकत नाय, येवडाच म्हना. वय झाला, नजर अधू झाली. कोन इचारताय तुमाला?”

बदल्यात सगळं. तेरावं गावच्या घरी, अख्खी वाडी जेवायला. मधल्या दरवाजाची कडी ते आजच काढतील. शिमग्याला पालखी पहिली आपल्या अंगणात. ते बोलत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर अंगण येत होतं, शपथ सांगते. कुठला कोपरा आधी झाडायचा इथपर्यंत माझं झालं होतं. मंगेश म्हणाला, आई, बाबा गेले, आता त्यांना काय फरक पडतोय, मला माझ्या पोरांना गाव दाखवायचंय. त्याचंही चूक नाही. त्याने काय पाप केलंय?

मी भाऊजींना म्हटलं, गाऱ्हाण्यात आमच्या घराचं नाव येईल ना? ते म्हणाले, येईल तर, तुमचं, मंगेशचं, सुनेचं, नातवंडांचं. आता गाऱ्हाण्यात गेलेल्यांचंही नाव घेतातच की, वाडवडिलांचं. म्हणून मी विचारलं, आणि यांचं?

भाऊजी खाली बघायला लागले. मग म्हणाले, “त्यांचा कशाला आता. गावाला नाय पटायचा.”

तेवढ्यात सगळं कळलं मला. माझा मुलगा गावाचा, माझी नातवंडं गावाची, मी गावाची, मधले तुम्ही तेवढे कोणाचेच नव्हतात. आणि हे गाव एकटं करू शकत नव्हतं. त्यासाठी कोर्टात कागद समोर धरून मी म्हणायला हवं होतं की हे अक्षर कुणाचं मला माहीत नाही. ज्या अक्षरात मला माहेरी पत्रं आली, मंगेशच्या पाटीवर पहिला अ काढला गेला, ते अक्षर.

मी म्हटलं, “भाऊजी, सही त्यांची आहे. त्यांनी केली तेव्हा मी चहा घेऊन उभी होते. कोर्टात मी येणार आणि हेच सांगणार.”

ते उठले. चपला घालताना त्यांचा तोल गेला तर मीच हात दिला. मंगेश त्यांना एस.टी. स्टँडवर सोडायला गेला आणि आल्यापासून माझ्याशी बोललेला नाही. सून बिचारी मधल्यामध्ये ताटं वाढते.

तुम्ही आता शाबास म्हणाल. म्हणू नका. तुमच्यासारखं न्याय-अन्याय बघून मी बोलले नाही. सुमनचासुद्धा विचार त्या वेळी माझ्या मनात नव्हता. तुम्ही माझे आहात, एवढंच होतं. हट्टी, मास्तर, घर घेणारे, पण माझे. तुम्हाला माझं नव्हे म्हणायला तोंड उघडेना. याला तुम्ही दहातले किती द्याल ते द्या, मला कौतुक नको. माझा राग गेलेला नाही, मी तुम्हाला माफ केलं असं समजू नका.

ते गेल्यावर मी दार लावलं आणि रडले. तुमच्यासाठी नव्हे. तुमच्यासाठी पुष्कळ रडून झालंय आणि अजून व्हायचंय. माझ्यासाठी रडले. मला घरी जायचं होतं हो.